शिकवण्यासाठी वापरलं तर चालतं ना? शैक्षणिक साहित्य आणि कॉपीराइट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संकेतस्थळावर पाचवी ते दहावीची टिपणं, सरावपत्रिका, नकाशे आणि ध्वनिमुद्रित पाठ आहेत. पुण्यातले आम्ही काही शिक्षक मिळून ते चालवतो. यातलं काय घेता येईल, काय नाही, आणि दुसऱ्याचं साहित्य आपल्या टिपणात कसं वापरायचं, असे प्रश्न जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की धो-धो येतात. विचारतात हेच बरं. न विचारता घेणारे जास्त. उत्तरं भारतीय कायद्याला धरून दिली आहेत, पण आम्ही मास्तर माणसं, वकील नव्हे. कुणाच्या हातात खरोखरची नोटीस पडली असेल तर इथे वेळ न घालवता शिवाजीनगर कोर्टाकडे जाऊन एखादा जाणता वकील गाठावा.

तुमची सरावपत्रिका झेरॉक्स काढून वर्गात वाटली तर चालेल का?

चालेल. विचारायचीही गरज नाही. आमचं स्वतःचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. अटी तीनच: आमचं नाव राहू द्यायचं, विकायचं नाही, आणि बदल करून पुढे दिलंत तर तेही याच अटींवर द्यायचं. वर शाळेचं नाव घाला, दोन प्रश्न गाळून आपले दोन टाका, हरकत नाही. पानाच्या तळाशी जी बारीक ओळ आहे ती तेवढी खोडू नका. ज्या चित्राखाली किंवा कवितेखाली दुसऱ्या कुणाचं नाव दिसेल, ते मात्र आम्ही त्यांच्याकडून मागून आणलेलं आहे. ते पुढे देण्याचा हक्क आम्हाला नाही, म्हणून तुम्हालाही नाही.

आमचा नवी पेठेत क्लास आहे. तुमची टिपणं स्पायरल करून मुलांना दिली आणि पैसे घेतले तर?

झेरॉक्सवाल्याला जेवढे दिले तेवढेच मुलांकडून घेतले, तर ती विक्री आम्ही मानत नाही. वर एक रुपया चढवला की मानतो. फीच्या पावतीत ‘स्टडी मटेरियल’ म्हणून वेगळा आकडा लावून आमचंच टिपण देणं हीसुद्धा विक्रीच. तसं करायचं असेल तर आधी लिहा. नकार देतोच असं नाही. तालुक्याच्या गावातल्या छोट्या क्लासला आम्ही सहसा हो म्हणतो. मुखपृष्ठावर सरांचा हसरा फोटो आणि आतून आमचं नाव गायब, हे मात्र खपवून घेत नाही.

‘केवळ शैक्षणिक हेतूसाठी’ असं लिहिलं की कॉपीराइट लागत नाही, हे खरं का?

नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे सवलतींची यादी: मालकाला न विचारता काय काय करता येतं. शिकवण्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टी तिथे मोजक्या आहेत. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात नक्कल करणं, परीक्षेच्या प्रश्नात उतारा देणं आणि उत्तरपत्रिकेत तो लिहिणं. याखेरीज स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी आणि चालू घडामोडी सांगण्यासाठी न्याय्य प्रमाणात वापर करता येतो.

या यादीत ‘शैक्षणिक संकेतस्थळ’ असा उल्लेख शोधूनही सापडणार नाही. कायद्याची नजर आहे ती शिक्षक, विद्यार्थी आणि त्या दोघांत चाललेल्या शिकवण्यावर. फळ्यावर कविता लिहिली, चाळीस मुलांना उताऱ्याची झेरॉक्स दिली, वर्गाच्या बंद ग्रुपवर एक पान टाकलं, इथवर त्या सवलतीचा आधार घेता येतो. तेच पान उघड्या साइटवर चढवलं की वाचणारा तुमचा विद्यार्थी उरत नाही, तो जगातला कोणीही असतो. अशा वेळी तुम्ही शिकवत कमी आणि प्रकाशन जास्त करत असता. फी नाही, जाहिरात नाही, हेतू चांगला, या गोष्टींना कोर्टात वजन जरूर आहे. पण त्यांनी आपोआप सूट मिळत नाही.

म्हणून आमची स्वतःसाठीची रीत अशी: वर्गात सढळ हाताने, साइटवर हात राखून. या पानावरची निम्मी उत्तरं याच एका फरकातून येतात.

दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याची केस ती काय होती? त्यात तर पुस्तकं कॉपी करायला परवानगी मिळाली ना?

दिल्ली विद्यापीठाच्या आवारात एक झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमानुसार वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं निवडून दिलेली, आणि दुकानदार त्यांचे गठ्ठे बांधून मुलांना देणार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही तत्त्व उचलून धरलं: शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त तास चालू असतानाचा वेळ नव्हे, तयारी आणि नंतरचा अभ्यासही त्यात येतो, आणि शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढी नक्कल चालते. निवडलेली प्रकरणं खरोखर तेवढीच होती का, हे तपासायला प्रकरण परत पाठवलं गेलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

निकाल शिक्षकांच्या मोठ्या फायद्याचा आहे, यात शंका नाही. तरी त्यात काय होतं ते पाहा: एक विद्यापीठ, ठरलेला अभ्यासक्रम, प्राध्यापकांनी निवडलेली प्रकरणं, आणि घेणारे तिथलेच विद्यार्थी. त्याच्या जोरावर आख्खं पुस्तक स्कॅन करून साइटवर टाकणं म्हणजे निकालाच्या तोंडी न बोललेले शब्द घालणं होय.

यूट्यूबवर व्हिडिओखाली ‘सेक्शन १०७, कॉपीराइट ॲक्ट १९७६’ असं लिहितात. आम्हीही लिहावं का?

तो अमेरिकेचा कायदा. तिथे न्यायाधीश चार गोष्टी तोलतात: वापराचा हेतू, मूळ कृती कशी आहे, किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. आपल्याकडे आधी कलम ५२ च्या यादीतला एखादा हेतू दाखवावा लागतो, मगच वापर न्याय्य होता का याची चर्चा. सातारा रस्त्यावरच्या क्लासने व्हिडिओखाली अमेरिकी कलम चिकटवून काही साधत नाही. यूट्यूब कंपनी अमेरिकी असल्याने तिच्या तक्रारव्यवस्थेत त्याची चर्चा होते, तेवढंच.

किती ओळी घेतल्या तर चालतात? दहा टक्क्यांचा नियम आहे ना? आणि गाण्याचे तीस सेकंद?

दोन्ही अफवा. कायद्यात न्याय्य वापराला टक्का नाही, सेकंद नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ च्या एका नाटकाच्या प्रकरणात तीन प्रश्न पुढे ठेवले: घेतलेला भाग किती आणि किती महत्त्वाचा, कशासाठी घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होते का. चारशे पानी कादंबरीतलं अर्धं पान रसग्रहणात उद्धृत केलं तर कोणी भुवई उंचावणार नाही. आठ ओळींची चारोळीवजा कविता ‘फक्त आठच ओळी’ म्हणून पूर्ण छापली, तर तुम्ही शंभर टक्के घेतलेत.

आकडा दिलेला आहे तो फक्त एका ठिकाणी. शिकवण्यासाठी उताऱ्यांचा संग्रह काढायचा असेल, त्यातला बहुतांश मजकूर कॉपीराइटमुक्त असेल आणि बाकीचे उतारे छोटे असतील, तर ते न विचारता घेता येतात. मात्र एका लेखकाचे दोनापेक्षा जास्त उतारे एका प्रकाशकाला पाच वर्षांत घेता येत नाहीत, आणि जी पुस्तकं मुळातच शिकवण्यासाठी काढलेली आहेत त्यांतून तर घेताच येत नाहीत.

बालभारतीची पुस्तकं सरकारी आणि पीडीएफ फुकट. मग ती आमच्या साइटवर ठेवली तर काय बिघडलं?

फुकट आहे म्हणजे मालक नाही, असं होत नाही. सेनापती बापट रस्त्यावरच्या या मंडळाचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या आणि मुखपृष्ठ उलटा. सगळे हक्क मंडळाकडे असून संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. शिवाय मराठीच्या पुस्तकातल्या कविता आणि धडे मूळ लेखकांचे, चित्रं चित्रकारांची. मंडळाने ती आपल्या पुस्तकापुरती घेतलेली असू शकतात.

पीडीएफ स्वतःच्या फोनवर उतरवा, वर्गात पडद्यावर दाखवा. साइटवर मात्र मंडळाच्या पानाचा दुवा द्या. यात एक व्यवहाराचाही फायदा आहे: पुस्तक बदललं की दुव्यावर नवीन आवृत्ती येते. तुमच्या साइटवर जुनी पीडीएफ तशीच पडून राहते आणि मुलं चुकीच्या आवृत्तीवरून अभ्यास करतात.

धड्याखालचे स्वाध्याय सोडवून उत्तरं टाकली तर?

उत्तरं तुमच्या शब्दांत, तुमच्या विचाराने लिहिलेली असतील तर ती तुमची. प्रश्नक्रमांक देऊन काम भागतं. धडा पूर्ण उतरवून मग खाली उत्तरं, असं करू नका.

पाठ वाचून स्वतःच्या शब्दांत टिपण काढलं, तरी कॉपी ठरते का?

नाही. कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना, सूत्रं यांवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. पायथागोरसचं प्रमेय कुणाच्याही बापाचं नाही. मात्र ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे क्रियापदं बदलून वाक्यामागून वाक्य तसंच ठेवणं, असा अर्थ बरेच जण घेतात. तो नाही चालत.

कोणत्या मराठी लेखकांचं साहित्य मोकळं झालं आहे?

ठोकताळा सोपा आहे. लेखक वारला ते वर्ष सोडा आणि पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, टिळक हे तर केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं. डॉ. आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ पासून मोकळं. इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, म्हणजे २०३० संपेपर्यंत थांबायचं. पु. ल. २००० मध्ये गेले; त्यांच्यासाठी २०६० संपावं लागेल, तोवर आमच्यातले बहुतेक जण निवृत्त नव्हे, निवर्तलेले असतील.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांचा संग्रह आला १९५२ मध्ये, म्हणून तिथे हिशेब १९५२ वरून. तो २०१२ अखेर संपला.

मोकळं झालं ते मूळ लेखन. बाजारातल्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, तळटिपा आणि चित्रं ज्याची त्याची. त्यामुळे मूळ मजकूर टाइप करा, नवी आवृत्ती स्कॅन करू नका.

मग ज्ञानेश्वरी, गाथा आणि जुन्या पोथ्या? त्या तर कुणाच्याच नाहीत.

ओव्या आणि अभंग सर्वांचे. आधुनिक संपादकाने दिलेला अर्थ, शब्दकोश, टीपा ही त्याची मेहनत आणि त्याचा हक्क. क्लासच्या नोट्समध्ये ओवी ज्ञानेश्वरांची आणि खालचा अर्थ कुठल्यातरी हयात प्राध्यापकाचा, हे दृश्य फार दिसतं.

पोथ्यांचा मामला थोडा निराळा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन तुम्ही एखाद्या हस्तलिखिताची प्रत मिळवलीत, तर मजकूर शेकडो वर्षं जुना असला तरी प्रत देताना संस्थेने घातलेल्या अटी तुम्ही सहीनिशी मान्य केलेल्या असतात. तो तुमच्यातला आणि संस्थेतला करार. छापायची परवानगी वेगळी मागावी लागेल असं त्यात लिहिलं असेल तर मागावी. संदर्भ क्रमांकासह संस्थेचं नाव द्यावं, हे तर सांगायलाच नको.

गॅदरिंगमध्ये मुलांनी गाण्यावर नाच केला. त्याचा व्हिडिओ शाळेच्या चॅनेलवर टाकला तर?

सभागृहातला कार्यक्रम कायद्याने सांभाळून घेतलेला आहे. शाळेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रित गाणं वाजवता येतं, मात्र प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच हवेत. चॅनेलवर गेलं की प्रेक्षक कोण, याचा हिशेब राहत नाही. आवाज बंद होणं, जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाणं, हे तिथे यंत्रच करून टाकतं.

एका गाण्यात हक्क किती असतात याचा अंदाज यावा म्हणून पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये सुरू झालेलं गीतरामायण घ्या. शब्द माडगूळकरांचे, ते १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. चाली सुधीर फडक्यांच्या. ते २००२ मध्ये गेले, म्हणून २०६२ अखेरपर्यंत. आणि बाजारात आलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, त्या त्या प्रकाशनापासून साठ वर्षं. ध्वनिमुद्रण जुनं झालं म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही.

व्हिडिओ टाकायचाच असेल तर मुलांच्या चेहऱ्यांबद्दल पालकांची संमती घ्या. तो प्रश्न कॉपीराइटचा नाही, पण त्याहून मोठा आहे.

गूगलवरून घेतलेले फोटो टिपणात वापरता येतात का?

गूगल फक्त दाखवतं, मालक दुसराच असतो. शनिवारवाड्याचा फोटो हवा असेल तर सरळ कसब्यातून चालत जा आणि काढा. इमारतींचे, आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्यांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला कायदा आडवा येत नाही. तो फोटो तुमचा. दुसऱ्याने काढलेला त्याचा.

जुन्या फोटोंबाबत सावध राहा. पानशेतच्या पुराचे, म्हणजे जुलै १९६१ चे फोटो दर पावसाळ्यात फिरत असतात. पूर्वी फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं होता, त्या हिशेबाने ते २०२१ अखेर मोकळे झाले असते. २०१२ च्या दुरुस्तीत ते कलमच वगळलं आणि फोटोलाही छायाचित्रकाराचं आयुष्य अधिक साठ वर्षं लागू झाली. छायाचित्रकार माहीत नसेल तर आम्ही तो फोटो घेत नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर भरपूर चांगले फोटो मिळतात. प्रत्येकाखालचा परवाना वाचा आणि नाव द्या. विकिपीडियाचा मजकूरही मोकळा आहे, पण त्याच्या परवान्यात विक्रीला बंदी नाही आणि आमच्यात आहे. त्यामुळे तो आम्ही आमच्या टिपणात मिसळत नाही, वेगळ्या चौकटीत ठेवतो.

जुन्या प्रश्नपत्रिका?

प्रश्नपत्रिकेवरही कॉपीराइट असतो, हे ऐकून लोक दचकतात. वर्गात सोडवून घ्यायला काहीच अडचण नाही. साइटवर टाकायच्या असतील तर परीक्षा घेणाऱ्या मंडळाने त्या स्वतः प्रसिद्ध केल्या आहेत का ते पाहा आणि दुवा द्या. बारकावा असा की भाषेच्या पेपरात जो उतारा असतो त्याला परीक्षेपुरती सूट आहे. परीक्षा संपल्यावर तीच प्रश्नपत्रिका पुस्तकात छापून विकणाऱ्याला त्या सुटीचा आधार घेणं अवघड जाईल.

कायदे, राजपत्र, कोर्टाचे निकाल?

राजपत्रातला मजकूर, विधिमंडळात मांडलेले समित्यांचे अहवाल आणि कोर्टाने मनाई केली नसेल तर निकाल, हे छापता येतं. कायदा छापताना सोबत तुमचं भाष्य किंवा दुसरं मूळ लेखन हवं, अशी अट आहे. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. कायद्याच्या नियतकालिकांनी काढलेले सारांश त्यांचे. सर्वोच्च न्यायालयानेच ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात तसं ठरवलं. शासन निर्णय राजपत्रात आलेला नसेल तर तो या यादीत थेट बसत नाही. शासनाच्या संकेतस्थळाचा दुवा पुरतो.

इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद मी स्वतः केला. तो तर माझा ना?

अनुवाद तुमचा, पण तो करून प्रसिद्ध करण्याची परवानगी देणं मूळ लेखकाच्या हातात. एनसीईआरटीच्या पुस्तकांनाही हेच लागू.

विद्यार्थ्यांचे निबंध, शिक्षकांची टिपणं, फोटोग्राफरचे फोटो: यांचा मालक कोण?

निबंध लिहिला त्या मुलाचा, भले तो सातवीत असो. हस्तलिखित अंकासाठी घेतलेला निबंध साइटवर टाकायचा तर आई-वडिलांना विचारा. नोकरीत असलेल्या शिक्षकाने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाची पहिली मालक संस्था असते, वेगळा करार नसेल तर. तासिका तत्त्वावर किंवा बाहेरून लिहून देणाऱ्याचं तसं नाही. त्याने लेखी हक्क दिल्याशिवाय ते त्याचंच राहतं. फोटोचं उलट: शाळेने पैसे देऊन काढून घेतलेले फोटो, करार नसेल तर, शाळेचे.

टेलिग्रामवर सगळ्या क्लासेसच्या नोट्स मिळतात. नुसत्या वाचल्या तर?

पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये हा रोजचा शिरस्ता झाला आहे हे आम्हाला ठाऊक आहे. महिन्याचं भाडं, मेस आणि पुस्तकं यांचा मेळ बसवणाऱ्या मुलांना उपदेश करायची आमची इच्छा नाही. पण चॅनेल चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये टेलिग्रामला असे चॅनेल चालवणाऱ्यांचे तपशील द्यायला लावले. नाव लपलेलं राहतं या भरवशावर राहू नका.

माझा विद्यार्थी दृष्टिहीन आहे. पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत करायला परवानगी लागते का?

नाही, आणि कृपया वाट पाहू नका. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून देण्याची मोकळीक दिली आहे. ती मदत करणाऱ्या व्यक्तीलाही आहे आणि ना-नफा संस्थेलाही. खर्चापुरतेच पैसे घ्यायचे आणि ती प्रत बाकीच्या बाजारात जाऊ द्यायची नाही, एवढं पाळा. आमचा कोणताही पाठ हवा असेल तर साधी टेक्स्ट फाइल मागा, लगेच पाठवतो.

एआयकडून टिपण लिहून घेतलं तर?

संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं वाक्य कायद्यात १९९४ पासून आहे. ते आजची साधनं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नाही. आमचा अनुभव असा की अशा टिपणात कवितेच्या ओळी चुकीच्या कवीच्या नावावर बिनधास्त टाकलेल्या असतात. तपासल्याशिवाय आम्ही घेत नाही.

नाव दिलं तर परवानगी लागत नाही ना?

लागते. नाव देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोकळ्या झालेल्या साहित्यालाही नाव द्यावं, आणि जे मोकळं झालेलं नाही त्याला नाव देऊनही परवानगी मागावी.

परवानगी मागायची कशी? आणि कुणाकडे?

पुस्तकाच्या सुरुवातीचं हक्कांचं पान पाहा. ‘© लेखक’ किंवा वारसाचं नाव असेल तर त्यांना लिहा. प्रकाशकामार्फत पत्ता मिळतो. पुण्यात हे सोपं आहे, कारण निम्मे मराठी प्रकाशक अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. फोनवर ‘घ्या हो, त्यात काय’ असं उत्तर आलं तरी ते लिहून मागा. परवाना लेखी लागतो. शिवाय मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. इंटरनेटला सीमा नाही, म्हणून ‘जगभर’ हे स्पष्ट लिहावं. पत्र साधारण असं:

‘सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आपल्या वडिलांच्या अमुक संग्रहातील अमुक कविता (सोळा ओळी) नववीच्या रसग्रहणाच्या ऑनलाइन पाठात पूर्ण देण्याची इच्छा आहे. पाठ विनामूल्य असून पानावर जाहिरात नाही. कवितेखाली कवीचे व प्रकाशकाचे नाव राहील. परवानगी पाच वर्षांसाठी, जगभर, इंटरनेटवरील वापरापुरती हवी आहे. मानधनाची अपेक्षा असल्यास कळवावे. हक्क आपल्याकडे नसतील तर ते कोणाकडे आहेत हे कळवल्यास आभारी राहीन.’

शेवटचं वाक्य विसरू नका. कित्येकदा त्याच एका वाक्यामुळे खरा मालक सापडतो. आणि उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं धरायचं नाही.

माझ्या टिपणांची नोंदणी करावी लागेल का?

सक्ती नाही. लिहिल्याक्षणी हक्क तयार होतो. नोंदणी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन होते, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क. वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

पकडलं गेलं तर काय होतं?

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दिवाणी दावा आणि भरपाई वेगळी. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं ‘काढून टाका’ या पत्रावर मिटतात, अर्थात पत्राला वेळेत उत्तर दिलं तर.

तुमच्या साइटवर माझी कविता, चित्र किंवा टिपण दिसतंय आणि मला विचारलेलं नाही. काय करू?

पानाचा दुवा, तुमचं मूळ साहित्य कुठे आणि केव्हा प्रसिद्ध झालं ते, आणि तुम्हाला काय हवं आहे (काढून टाकणं, नाव देणं की दोन्ही) एवढं लिहून पाठवा. मराठीत लिहा, वकिलाच्या नोटिशीची गरज नाही. तक्रार वाचताच ते पान आम्ही आधी बंद करतो, चौकशी नंतर. साहित्य ज्या शिक्षकांनी पाठवलं असेल त्यांना तुमचं पत्र दाखवतो आणि काय ठरलं ते तुम्हाला लेखी कळवतो. मे महिन्याच्या सुट्टीत उत्तराला चार दिवस जास्त लागू शकतात. पान मात्र तेव्हाही लगेच बंद होतं.